उघडं कार्ड

आई, मागच्या महिन्यात तुमच्या नातीनं माझे आभार मानले. जाहीर. सोशल मीडियावर, म्हणजे जिथं तिच्या ऑफिसातली माणसं, कॉलेजच्या मैत्रिणी, आपल्या गल्लीतले निम्मे लोक आणि माझ्या नाशिकच्या वहिन्या सगळ्या एकाच जागी बसलेल्या असतात, तिथं तिनं एक फोटो टाकला आणि खाली भलंमोठं लिहिलं. तुम्हाला जाऊन तपावर वर्षं झाली, तेव्हा घरात असा फोन एकच होता आणि तो तुमच्या मुलाच्या खिशात असायचा, म्हणून थोडं समजावून सांगते. विहाराबाहेरच्या काळ्या फळ्यावर कुणीतरी माझ्याबद्दल लिहून ठेवलंय, येणारा-जाणारा थांबून वाचतोय आणि जाताना खडूनं आपलीही एक ओळ खाली ओढून जातोय, असं समजा.

निमित्त माझ्या निवृत्तीचं. ऑफिसात शेवटचा दिवस झाला, शाल-नारळ झालं, साहेबांनी माझं नाव दोनदा चुकवून भाषण केलं, आणि मी रिक्षानं घरी येऊन चहा टाकला. तेवढ्यात समोरच्या इमारतीतल्या एका बाईंचा फोन, "वहिनी, तुम्ही तर रडवलं हो आम्हाला." मला काही कळेना. मग फोन उघडला. फोटोत तुम्हीही आहात. थंडीतलं ऊन, आपला मागचा व्हरांडा, तुम्ही खुर्चीत, आणि मी मागं उभी राहून तुमची वेणी घालतेय. पोरीनं बारावीत असताना बापाचा फोन घेऊन तो कधी काढला, मला ठाऊकच नव्हतं. तिनं लिहिलं होतं, आजीची अंघोळ, आजीची वेणी, बाबांचा डबा, माझा डबा, मग ऑफिस; मला वाटायचं घर असंच आपोआप चालतं, पंख्यासारखं. आजी रात्रंदिवस हाका मारायची म्हणून मी अभ्यासाच्या नावाखाली तिच्या खोलीचं दार लावून घ्यायचे. ते दार मम्मी उघडायची. एकदाही मला म्हणाली नाही की जा, तू उघड. थँक्यू मम्मी.

मी काय केलं माहीत आहे? चहा उतू गेला तो पुसला, हात धुतले आणि पोरीला बंगळुरूला फोन लावून म्हटलं, "ते काढून टाक आधी." ती हसत होती, तिला वाटलं मी लाजतेय. मी म्हटलं, "घरातल्या माणसांचे आभार मानत नसतात. आजीला अजिबात चालायचं नाही. आणि आजीचा असा फोटो, पातळ धड नाही, केस मोकळे, साऱ्या जगाला दाखवायचा?" तिचं हसणं थांबलं. मग ती म्हणाली, "तोंडावर म्हटलं असतं तर तू विषय बदलला असता मम्मी. म्हणून तिथं लिहिलं." मी खरंच विषय बदलला. जेवलीस का विचारलं. तिनं हो म्हणून फोन ठेवला, आणि संध्याकाळी मी पुन्हा उघडून पाहिलं तर तिथं काहीच नव्हतं. फोटो नाही, अक्षर नाही, लोकांनी खाली लिहिलेलं तेही नाही. पुसलेल्या फळ्यावर निदान खडूचा पांढुरका डाग तरी राहतो.

रात्री जेवताना तुमच्या मुलाला सांगितलं. त्यांनी ते दुपारीच वाचलं होतं आणि नुसता अंगठा दाबून दिला होता, बायकोबद्दलच्या सगळ्या गोष्टींवर त्यांचं मत तेवढंच असतं. पण या वेळी भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणाले, "काहून काढाले लावलं? अन् आईचं नाव काहून मधात घेतलं? आईजवळ हा मोबाइल असता न, तर तिनं दिवसभर हेच केलं असतं." मला राग आला. आणि मग झोप आली नाही, कारण ते खरं होतं.

मी लग्न होऊन आले तेव्हाचा पहिला रविवार आठवतो. माहेरी रविवार म्हणजे दुपारची झोप. इथं जेवणं आटोपली, तुम्ही पदरानं तोंड पुसलं, पाट घेतला, मांडीवर पाटी असावी तसा तो ठेवला आणि त्यावर पोस्टकार्डं मांडून लिहायला बसलात. मला वाटलं शाळेचं काही असेल. तुम्ही महापालिकेच्या शाळेत बाई, सारखं काहीतरी लिहायचं असणारच. मी पाणी द्यायला आले आणि डोकावले तर कार्ड एका एसटीच्या ड्रायव्हरला होतं. नरखेडकडच्या तुमच्या गावाहून येताना त्यानं एका बाळंतिणीसाठी थांबा नसताना गाडी थांबवली होती. तुमचा त्या बाळंतिणीशी काही संबंध नव्हता. तुम्ही नुसत्या खिडकीत बसून पाहिलं होतं. पत्ता म्हणून डेपोचं नाव, गाडी कुठली नि किती वाजताची, आणि "डाव्या गालावर तीळ असलेले ड्रायव्हर भाऊ" असं लिहिलेलं. वर 'सप्रेम जय भीम', खाली तुमची सही, आणि मधे तुम्ही बोलता तशीच्या तशी भाषा. मी विचारलं, "आई, पोचेल का हे?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "पोचन. अन् नाही पोचलं तर डेपोतले दहा लोक वाचतीन. थेबी चांगलंच हाय."

म्हणून तर तुम्ही पाकीट कधी घेतलं नाहीत. बंद पत्राला तुम्ही 'चोरटं' म्हणायच्या. पोस्टमन वाचेल, शेजारी वाचतील, ज्याचं आहे त्याच्या घरचे मोठ्यानं वाचून दाखवतील, यासाठीच तुम्हाला उघडं कार्ड लागायचं. शिवी माणूस चारचौघांत देतो, मग चांगलं काहून कानात सांगाचं, असं तुमचं म्हणणं. हे मला त्या रात्री कुशीवर पडल्या पडल्या आठवलं आणि मी पोरीला तुमच्या नावानं केवढं खोटं सांगितलं ते कळलं. फोटोबद्दल तुम्ही एवढंच विचारलं असतं, वेणी बरी दिसते का.

पण आई, मी अर्धं खरंही सांगितलं होतं. बाहेरच्यांसाठी तुमच्याकडे कार्डं होती, घरच्यांसाठी नव्हती. हा धडा मला पहिल्याच वर्षात नाही, पोर झाल्यावर मिळाला. माझी खात्याची परीक्षा होती आणि पोरीला गोवर निघाला. मी फॉर्म फाडायला निघाले होते. तुम्ही शाळेत रजा टाकलीत, पोरीला मांडीवर घेऊन बसलात, आणि मी अभ्यासाच्या खोलीतून डोकावले की हातानं 'जाय, जाय' करायच्या, माशी हाकलावी तसं. मी पास झाले. निकालाच्या दिवशी ऑफिसातून अर्ध्या दिवसानं निघून परस्पर गांधीबागेच्या कापडबाजारात गेले, दुकानदारानं ढीगभर साड्या उलगडल्या तरी मनासारखं दिसेना, शेवटी जांभळ्या काठाची एक सुती साडी घेतली. घरी येऊन तुमच्या हातात दिली आणि म्हटलं, "आई, थँक्यू. तुमच्यामुळं झालं." तुम्ही साडी उलगडून पाहिली, काठावरून बोट फिरवलं, पदर उजेडात धरला. मग घडी घातली. म्हणालात, "साडी चांगली हाय. थँक्यू परत घेऊन जाय. आपल्या घरात कोणी पावनं नाही."

आणि दिवे लागेपर्यंत माझ्याशी बोलला नाहीत. मी स्वयंपाकघरात कांदा चिरत मनातल्या मनात माहेरी पत्र लिहीत होते की इथं गोड बोललेलंही चालत नाही. तेवढ्यात तुम्ही आलात, मला कोपरानं बाजूला सारलंत आणि सांबार निवडायला घेतला. मी नाशिकची, कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे कळायलाच मला महिना लागला होता. तुम्ही जुडी निवडलीत, खोबरं, खसखस भाजलीत, आणि त्या संध्याकाळी घरात सांबारवडी झाली, जी आपल्याकडे फक्त पाहुणे आले की व्हायची. पहिली वडी माझ्या ताटात पडली. मी काही बोलले नाही. शिकले होते.

कार्डांची ही सवय तुम्हाला कशी लागली ते तुम्ही मला एकदाच सांगितलंत, विहारातून परत येताना, चालता चालता. तुमचे वडील दुसऱ्यांच्या संत्र्याच्या बागेत कामाला. शाळेत तुम्ही ओसरीवर बसायच्या, बसायची जागा तीच असं कुणी सांगितलं नव्हतं, पण ठरलेलंच होतं. नव्या बाई आल्या, त्यांनी एक दिवस तुमचा हात धरला आणि आत नेऊन पुढच्या चटईवर बसवलं. बस, एवढंच. नोकरी लागल्यावर पहिल्या सुट्टीत तुम्ही त्यांना शोधत गेलात. घराला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं की बाई मागच्याच उन्हाळ्यात वारल्या. "त्या कुलपाले थँक्यू म्हणून आली मी," तुम्ही म्हणालात, आणि रस्ता ओलांडायला माझं मनगट धरलंत.

मग तुमचा हात कापायला लागला. आधी चहाची बशी वाजायची, मग कार्डावरच्या ओळी लोंबायला लागल्या, मग तुमचं तुम्हालाच वाचता येईना. एका रविवारी तुम्ही पेन माझ्याकडे सरकवलंत. "तू लिही वं. मी सांगते." मी बसले. ते कार्ड विजेच्या खांबावर चढणाऱ्या एका लाइनमनला होतं. तुम्ही सांगत गेलात, मी लिहीत गेले आणि शेवटी वाचून दाखवलं. तुमच्या कपाळाला आठी. "हे मी बोलली काय?" मी म्हटलं, "हो, तुम्हीच." तुम्ही म्हणालात, "मी 'मले' म्हटलं. तू 'मला' लिहिलं. मी म्हटलं, तुम्ही आले म्हणून पोराईचा अभ्यास झाला. अन् तू हे काय लिहून ठेवलं, आपल्या तत्परतेबद्दल. कोणाची तत्परता? लाइट आला त्याले मी तत्परता म्हणू?" मी सांगू पाहिलं की लिहिताना शुद्ध लिहितात. तुम्ही शाळेतल्या बाई, मुलांना शुद्धलेखन घालणाऱ्या, तुम्हाला ते ठाऊक नव्हतं असं थोडंच. तुम्ही म्हणालात, "शाळेत मी शाळेचं लिहिते. आभार माहे हायेत. भाषा तुही काहून?" कार्ड वाया गेलं. दुसरं घेतलं. त्या दिवसापासून तुमच्या कार्डांत मी 'मले' लिहायला लागले, आणि गंमत म्हणजे पुढं अधूनमधून बोलायलाही लागले. नाशिकला भाऊ अजून चिडवतो.

तुमच्या शेवटच्या आजारात दवाखान्यात एक आया होती, रात्रपाळीची, सगळ्यांवर खेकसणारी. पण तुमची चादर बदलताना ती आधी दाराचा पडदा ओढायची, हे तुमच्या लक्षात आलं होतं, माझ्या नाही. घरी आल्यावर तुम्ही कार्ड सांगितलंत. मी म्हटलं, "आई, तिला वाचता येत नसेल. जाऊन तोंडी सांगते." तुमचा आवाज तेव्हा पार खोल गेला होता. "कोणीतरी वाचून दाखवन न. वाचणाऱ्यालेही समजाले पायजे का थे पडदा ओढते." मी लिहिलं. माझ्याच हातानं लिहिताना मला वाटून गेलं, पडदा तर मीही ओढते. रोज ओढते.

मग एका सकाळी, तुमची नखं कापताना, मी विचारून टाकलं. खेळीमेळीनं विचारल्यासारखं केलं, पण मनातून खेळीमेळी नव्हती. "आई, ड्रायव्हरला कार्ड, लाइनमनला कार्ड, आयाला कार्ड. मले कधी?" तुम्ही हसलात. "घरच्या घरी टपाल काहून वाया घालवते?" मी हसले नाही. नेलकटर बाजूला ठेवलं. तुम्ही माझ्याकडे बराच वेळ पाहिलंत आणि म्हणालात, "आण. लिही." मी खरंच कार्ड घेऊन आले, पेन घेऊन आले, पाट मांडीवर घेतला. तुम्ही सांगितलंत, सप्रेम जय भीम. मी लिहिलं. मग तुमचे ओठ हलले, थांबले. बाहेर भाजीवाला ओरडत पुढच्या गल्लीत गेला. शेवटी म्हणालात, "नाही होत वं. अक्षर तुहं, हात तुहा. तू माहा हातच झाली. हाताले कार्ड कुठं पाठवू?"

लोकांना मी हे सांगितलं की त्यांचे डोळे भरून येतात. किती मोठं बोलल्या सासूबाई, म्हणतात. मी मात्र तेव्हा उठून स्वयंपाकघरात गेले आणि भांडी आपटली. मला ते वाक्य नको होतं आई. मला कार्ड हवं होतं. पोस्टमननं आणलेलं, उघडं, शेजारच्यांनी आधी वाचलेलं. मी नखं तशीच अर्धी सोडली होती, ती दुपारी येऊन पुरी केली, आणि तुम्ही एकेक बोट पुढं करत राहिलात. त्या महिनाअखेरीस तुम्ही गेलात.

तर त्या रात्री जागी राहून हे सगळं आठवलं आणि सकाळी उठून मी पोस्टात गेले. खिडकीवरच्या मुलीला पोस्टकार्ड मागितलं तर ती म्हणाली, "कोणती स्पर्धा निघाली का काकू?" मी म्हटलं, हो, निघाली. घरी येऊन पाट काढला. माझं अक्षरही आता तेवढं सरळ राहिलेलं नाही. वर 'सप्रेम जय भीम' लिहिलं आणि तुमच्यासारखीच अडकले. पोटच्या पोरीला आभार कसे लिहायचे? ताई, दादा, ड्रायव्हर भाऊ असतं तर कार्ड भरून वाहिलं असतं. मग जसं सुचलं तसं लिहिलं. तू लिहिलं थे मी वाचलं. मले बरं वाटलं. दार उघडणं कोणाले दिसते असं मले वाटलं नव्हतं. तुले दिसलं, म्हणून थँक्यू. काढाले लावलं थे चुकलं. जेवत जाय. पत्ता घातला आणि पेटीत टाकलं, आणि टाकल्यावर पेटीच्या तोंडात हात घालून परत काढता येईल का हेही पाहिलं. येत नाही.

कार्ड पोचायला बरेच दिवस लागले. रोज फोनवर पोर बोलायची, भाव काय, पाऊस काय, बाबांचा गुडघा काय, आणि मीही कार्डाचं काही बोलले नाही. मग एका दुपारी तिचा फोन आला आणि पलीकडून नुसता श्वास. "काय झालं वं? बरी आहेस ना?" ती म्हणाली, "मम्मी, खालच्या वॉचमननं आणून दिलं. त्याला मराठी येत नाही, तरी विचारतो, घरी सगळं ठीक आहे ना." आणि मग ती रडली, मोठ्यानं, लहानपणी गोवरात रडायची तशी. या वेळी मी विषय बदलला नाही. बदलायचा फार मोह झाला, पण ऐकत राहिले. थोड्या वेळानं ती नाक ओढत म्हणाली, "एक विचारू? हे टाकू का? सगळ्यांना दिसेल असं?"

मी 'टाक' म्हटलं. तिनं कार्डाचा फोटो आणि आपला तो जुना व्हरांड्यातला फोटो, दोन्ही शेजारी शेजारी लावले. खाली या वेळी काहीच लिहिलं नाही. तुमच्या मुलानं अंगठ्याऐवजी लाल बदाम दिला, म्हणजे तुम्हीच समजा. माझ्या भावानं लिहिलं की नाशिकच्या पोरीचं मराठी पाहा कसं बिघडलंय. कुणीतरी अनोळखी बाई विचारत होत्या, या आजी कोण. पोरीनं दोघांना मिळून एकच उत्तर दिलं, हे मम्मीचं मूळ मराठी नाही, या आजीचं आहे.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. पाकिटात घालायला हवं, ते तुम्हाला चालणार नाही, आणि उघडं टाकण्याइतकी मी अजून तयार झालेली नाही. कपाटातही ठेवणार नाही, उद्या कुणाच्या तरी हाती लागायचं. जाळायला आता चूलही नाही, गॅस आहे, तेव्हा सकाळी फाडून टाकीन.

एकच सांगायचं राहिलं. पहिल्यांदा फोन करणाऱ्या त्या समोरच्या इमारतीतल्या बाई मुलाकडे पुण्याला गेल्या होत्या, तिथल्या गडबडीत त्यांनी हे दुसऱ्या वेळचं पाहिलं नसावं. काल त्या परत आल्या. मी दिवसभर वाट पाहिली की त्या काही बोलतील. बोलल्या नाहीत. मग संध्याकाळी वाटीभर साखर मागायच्या निमित्तानं मीच त्यांच्याकडे गेले, आणि घरात साखर भरपूर असताना, त्यांच्या सोफ्यावर बसून, माझा फोन उघडून त्यांच्या हातात दिला.